मेल्याची मूठ

१

सकाळी नऊला ऑर्व्हिल टाकाच शेडचं कुलूप काढतो आणि आत पाऊल टाकायच्या आधी चौकटीवर हात फिरवून बघतो. का, तर एकदा मी तिथं पाण्याची बादली टांगली होती. एकदाच! तेही सात वर्षांपूर्वी. पण माणसाचा विश्वास उडाला की उडालाच. तो बिचारा रोज बघतो, मी रोज मागं उभा राहून उगीच खाकरतो, आणि आमचा दिवस सुरू होतो.

शेड डेट्रॉइटच्या पूर्व अंगाला, नदीतून आत शिरलेल्या अरुंद कालव्यावर. पूर्वी तिथं बर्फाच्या लाद्या ठेवायचे, आता आम्ही शर्यतीच्या जुन्या होड्या ठेवतो. होडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं वल्हं आलं असेल, तर ते तिथंच ठेवा. ही प्लायवुडची चपटी पाटी, बारा फूट लांब, मागं इंजिन, पुढं दोन बाजूंना दोन लाकडी पंजे. वेगात आली की ती पाण्यात नसतेच. पंजे आणि पंख्याचं टोक, एवढंच पाण्याला शिवतं. चालवणारा आत गुडघे टेकून बसतो, पाद्र्यापुढं बसावं तसा. उजवा हात चाकावर, डाव्या हातात पितळी मूठ. मूठ आवळली की इंजिन धावतं, सोडली की स्प्रिंग तिला मागं खेचते आणि इंजिन मरतं. आवळताना 'कर्र', सुटताना 'टक्'. माणूस फेकला गेला तर होडी आपली आपण थांबावी, म्हणून ही सोय. आमच्यात तिला मेल्याची मूठ म्हणतात. मेला की सुटते.

ऑर्व्हिल होड्या हुडकतो, मी बऱ्या करतो. तो पोस्टातून निवृत्त झालेला शिकलेला माणूस. मी आठवीत शाळा सोडली, म्हणजे शाळेनंच सुटकेचा निःश्वास सोडला. त्याच्याकडं जुने फोटो, शर्यतींची पत्रकं आणि मेलेल्या शर्यतवाल्यांच्या विधवांचे फोन नंबर. जन्मभर विधवांशी गोड बोलून त्याच्या पदरात काय पडलं, तर कुजकं लाकूड!

एप्रिलमधल्या एका सकाळी त्यानं फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "रेमी, मड हेन सापडली."

मड हेन म्हणजे पाणकोंबडी. कामिल वरहेगेची होडी. कामिल माझा दोस्त. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी नदीच्या वळणावर तो तिच्यातून फेकला गेला आणि ती थांबली नाही. या होड्यांची ठेवणच डावीकडं वळायची. रिकामी मड हेन डावीकडं वळली, गोल फिरून परत आली, पाण्यात कामिल जिथं हात हलवत होता तिथं. मुठीची स्प्रिंग अडकली असणार, असं सगळे म्हणाले.

मीपण म्हणालो.

२

होडी बॅड ॲक्स नावाच्या गावाजवळ होती. वाईट कुऱ्हाड! गावाला असं नाव ठेवणारा माणूस मला भेटायला हवा होता, आमचं जमलं असतं. बिटाच्या शेतातलं गोदाम, आणि आत मड हेन उताणी. शेतकऱ्याच्या आजानं कधीतरी लिलावात घेतलेली. पाणकोंबडीखाली खऱ्या कोंबड्यांनी अंडी घातली होती.

"हसू नकोस," ऑर्व्हिल मला म्हणाला. "पवित्र क्षण आहे."

"मग टोपी काढ. डोक्यावर अंडं आहे तुझ्या."

त्यानं टोपी चाचपली. नव्हतं. तो पुटपुटत बाजूला जाऊन रंग खरवडायला लागला. हिरवा गेला, पांढरा गेला, खाली चव्वेचाळीस आकडा दिसला, तसा तो लहान मुलासारखा रडला. मी तोवर होडीच्या पोटाखाली हात घालून मूठ शोधत होतो.

लाकडाचे पापुद्रे सुटले होते. तारा गंजून भुगा झाल्या होत्या. गुडघ्याखालची गादी उंदरांनी खाल्ली होती. आणि मुठीवर रबर होतं.

सायकलच्या ट्यूबची पट्टी, दोन वेढे आणि गाठ. आमची जुनी रीत आहे ही. इंजिनाची दोरी ओढायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून मदतनीस मुठीला रबर गुंडाळतो. मूठ थोडी आवळलेली राहते, इंजिन पेटतं. मग होडी सुटायच्या आधी रबर काढायचं. काढायचंच! मी कामिलचा मदतनीस होतो. शंभर वेळा काढलं असेल. एकदा काढलं नाही.

मी डावखुरा. माझी गाठ उलटी पडते. ही गाठ उलटी होती.

पण माझ्या अंगावर काटा आला तो गाठीमुळं नाही. अठ्ठावन्न वर्षांत रबराचा दगड होतो, हात लावला की तुकडे पडतात. हे मऊ होतं. ओढलं तर ताणलं. बोटांना ट्यूबची पांढरी पावडर लागली, आत्ताच कापल्यासारखी.

ऑर्व्हिल यायच्या आत मी ते काढून खिशात घातलं. तेव्हा मूठ सुटली. टक्.

३

लिओना ही कामिलची पोरगी. पोरगी म्हणजे बासष्टची. शाळेची बस चालवून निवृत्त झाली. बाप गेला तेव्हा चार वर्षांची होती. बापाची तिच्याकडं एकच आठवण आहे, जळक्या एरंडेलाची. त्या काळी शर्यतीच्या इंजिनात एरंडेल जाळायचे. कामिलच्या सदऱ्याला, केसांना, मिठीला तोच वास. आता ते तेल आमच्यात कोणी वापरत नाही.

ती दर शनिवारी तळलेले मासे घेऊन यायची आणि बापाच्या होडीला पॉलिश पेपर घासत बसायची.

"रेमीकाका, सप्टेंबरच्या मेळाव्यात हिच्यातून मी फेरी मारणार."

"तू? बसला चार चाकं असतात गं. वर ब्रेक असतो."

"चाळीस वर्षं साठ कार्टी घेऊन बस हाकली मी. ही तर तोंडसुद्धा उघडत नाही." मग हात थांबवून म्हणाली, "एकदा तिथं गुडघे टेकायचेत, काका. बाबा जिथं टेकायचे तिथं. बस्स."

"आणि मोसमाच्या शेवटी हा," ऑर्व्हिलनं माझ्याकडं बोट दाखवलं. जुन्या होड्या जपणाऱ्या आमच्या मंडळाचा रिवाज आहे, ज्यानं होडी बरी केली त्यानं शेवटच्या रविवारी तिच्यातून एक फेरी मारायची. मी अकरा होड्या बऱ्या केल्या आणि अकरा वेळा टाळलं. कधी पाठ, कधी ताप, एकदा तर सख्ख्या चुलतीचं मरण. चुलती त्या वेळी किनाऱ्यावर सरबत पीत बसली होती, ती गोष्ट वेगळी.

मी हसलो. खिशातलं रबर मी तंबाखूच्या डबीत घालून वरच्या फळीवर ठेवलं होतं. सोमवारी सकाळी ते मुठीवर होतं. डबी बंद. रिकामी.

माझ्यावर कोणीतरी डाव उलटवतंय, एवढंच माझ्या मनात आलं. आनंदच झाला म्हणा ना! पण कोण? रबराचं कोणालाच ठाऊक नाही. ऑर्व्हिल उजव्या हाताचा, त्याला बुटाची नाडी धड बांधता येत नाही. मी चाकूनं रबर कापलं आणि कालव्यात फेकलं.

मंगळवारी ते परत होतं. ओलं. गाठ उलटी.

४

ऑगस्टमध्ये मी नवी गादी बसवली. चांगला घट्ट फोम, वर काळं रेक्झिन, कडेनं पितळी खिळे. गुळगुळीत, पाटीसारखी. दुसऱ्या दिवशी तिच्यावर दोन खळगे होते. उजवा खोल, डावा उथळ.

"म्हाताऱ्या, बसलास ना आत?" ऑर्व्हिल म्हणाला.

"माझे गुडघे? मी चर्चमध्येसुद्धा उभा असतो."

"मग कोण बसलं? तूच! थट्टा करायची तर जरा नवी कर."

आता यात नवल असं की ते सुचायला मलाच हवं होतं. इतकी छान कल्पना आणि माझी नाही! फोम दमट हवेनं बसतो, असं मी स्वतःला सांगितलं. गादी उलटी करून बसवली. सकाळी खळगे वर. फूटपट्टी लावली. दोन खळग्यांत नऊ इंच, बरोबर मधोमध. कामिलचा डावा गुडघा लहानपणी मोडला होता. त्याचा सगळा भार उजव्यावर.

त्याच आठवड्यात एका दुपारी ऑर्व्हिल जेवायला घरी गेला होता. मी बाकावर डबा उघडून बसलो. ऊन दारातून निम्म्या शेडपर्यंत आलेलं. कालव्यावर बदकं भांडत होती. होडीची पाठ माझ्याकडं.

कर्र.

माझा घास हातात राहिला. तार ताणली असेल, उन्हानं. पितळ फुगतं. मी टक् व्हायची वाट बघितली. आवळलेली मूठ सुटतेच हो. स्प्रिंग मीच घातली होती, नवी, कडक.

बदकं गप्प झाली. ऊन एक फरशी सरकलं. डब्यातलं माझं जेवण गार झालं. टक् काही होईना. उठून बघायला दहा पावलं पुरली असती. मी टाकली नाहीत. मी ऐंशी वर्षांचा घोडा, ज्यानं पाद्र्याच्या खुर्चीखाली जिवंत बेडूक सोडला तो, तिथं बसून नुसता ऐकत राहिलो.

बाहेर ऑर्व्हिलच्या गाडीचं दार आपटलं. तेव्हा टक् झालं.

शेडमध्ये एरंडेलाचा वास होता. ऑर्व्हिलनं नाक मुरडलं. "पोट बिघडलंय का तुझं?"

५

मेळावा रविवारी. शनिवारी दुपारी लिओना होडीला मेण लावत होती. ऑर्व्हिल पाने पुसत होता. मी म्हणालो, "लिओना, उद्या तू बसू नकोस."

"का? वजन वाढलंय म्हणून? सरळ बोला की."

"तुझा बाप स्प्रिंग अडकून गेला नाही."

तिचा फडका थांबला. मग मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट सरळ सांगितली. रबर कशाला बांधतात, कोण काढतं, त्या दिवशी मी ते का काढलं नाही. विसरलो, असं मी माझ्याच मनाला अठ्ठावन्न वर्षं सांगत आलो होतो. विसरलो नव्हतो. कामिल फेरी संपवून किनाऱ्याला लागेल, मूठ सोडेल, होडी काही थांबायची नाही, आणि तो सगळ्यांसमोर लव्हाळ्यात घुसेल. केवढे हसू आम्ही! वळणावर तो फेकला जाईल हे काही माझ्या थट्टेत नव्हतं. अपघातानंतर होडी पलीकडच्या तीरावर लागली. मी पोचायच्या आत पोलिसांनी ती नेली. कोणी नीट बघितलंच नाही.

"आणि ते रबर रोज सकाळी मुठीवर असतं," मी म्हणालो. "मी कापतो. ते परत येतं."

मग ऑर्व्हिलला हसू फुटलं. पाना हातातून पडेपर्यंत तो हसला. "आधी बादली, मग गादी, आता हे! अरे, मेलेल्यालाही सोडत नाहीस?"

"दाखवतो," म्हणून मी होडीत वाकलो. मुठीवर काहीच नव्हतं.

लिओना हसली नाही. फडक्याची घडी घातली आणि हळू म्हणाली, "काका, बाकी कशावरूनही करा. माझ्यावरून करा. बाबांवरून नको."

लांडगा आला रे करत ज्यानं आयुष्य काढलं, त्यानं लांडगा आल्यावर कुठल्या तोंडानं ओरडावं?

६

रविवारी आभाळ पत्र्यासारखं. वारा पलीकडून, कॅनडाच्या बाजूनं. मी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेलो. रबर मुठीवर होतं. कापलं, दोन्ही तुकडे खिशात घातले आणि खिशावर हात ठेवूनच होडीबरोबर धक्क्यापर्यंत चालत गेलो.

लिओना आत गुडघे टेकून बसली. नवं लाल हेल्मेट, नवे लाल हातमोजे. तिचे गुडघे त्या दोन खळग्यांत बसले. वर बघून म्हणाली, "अगदी माझ्या मापाचे केलेत हो, काका." ती रागावली नव्हती. त्यानं मला जास्तच लागलं.

मी मुठीवरून बोट फिरवलं. रबर नाही. "आवळ." कर्र. "सोड." टक्. तीनदा करून घेतलं. ऑर्व्हिलनं दोरी ओढली. मड हेन अठ्ठावन्न वर्षांनी ओरडली आणि निघाली.

पहिली फेरी छान झाली. पंजे पाण्यावर टाळ्या पिटत होते. लोक टोप्या हलवत होते. दुसऱ्या फेरीत ती वळणाला आली. त्याच वळणाला. तिथून तिनं धक्क्याकडं बघितलं आणि आम्हाला हात केला.

डावा हात.

उंच, पाची बोटं पसरून. उजवा चाकावर होता.

आता इंजिन मरायला हवं. मूठ सुटली की दोन श्वासांत आवाज बसतो, होडी पोटावर बसते. मी वाट बघितली. आवाज बसला नाही. चढला.

"बघ, बघ!" ऑर्व्हिल माझ्या पाठीत बुक्के मारत होता. "अगदी बापावर गेलीय!"

मी खिशात हात घातला. दोन तुकडे, कापलेले, कोरडे. होडी आमच्या समोरून गेली, वीस हातांवरून. लिओनाचा हात अजून वर होता, पण चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. ती खाली, आपल्या डाव्या बाजूला बघत होती. तुषार उडाले, वाऱ्यानं फाटले, आणि त्या फटीतून मला मूठ दिसली.

मुठीवर हातमोजा होता. तपकिरी, कातडी, मनगटाला काळी चिकटपट्टी, कामिलला मी गुंडाळून द्यायचो तशी. मग परत पाणी उडालं.

७

ती सुखरूप आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ऑर्व्हिल परत रडला. होडी ट्रॉलीवर चढवली. लिओनानं हेल्मेट काढलं आणि गर्दीतून सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तिच्या केसांना एरंडेलाचा वास येत होता.

"मी मूठ सोडली होती, काका."

मी खिशातले रबराचे तुकडे चाचपले.

"काल तुम्ही सांगितलंत ते खरं होतं."

ती विचारत नव्हती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, रडू नव्हतं. ती नुसती थांबली होती. मी एक 'हो' म्हणायचा होता, एवढंच. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवून समोर उभं होतं. आजूबाजूला सगळं मंडळ होतं, सगळे माझ्याकडं बघत, आता म्हातारा काय बोलतो म्हणून हसायच्या तयारीत.

आणि मी म्हणालो, "अगं वेडे, थट्टा ती! स्प्रिंग अडकली असेल. या जुन्या होड्या अशाच."

सगळे हसले. लिओनानं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मग मान हलवली, हातमोजे काढले, माझ्या हातात दिले आणि गाडीकडं चालू लागली.

मागं ट्रॉलीवर, इंजिन बंद, आत कोणी नाही. टक्.

पोरीला सोडलं कामिलनं.

त्याला महिना होत आला. लिओना शनिवारची येत नाही. उद्या मोसमाचा शेवटचा रविवार. ऑर्व्हिलनं माझं नाव फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्यात. "ताप आला तर तापासकट बसवीन," म्हणतो. पाठ सांगून झाली, गुडघे सांगून झाले. काल शेवटी मी त्याला खरं कारण सांगितलं. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

आता दुपार आहे. ऑर्व्हिल जेवायला गेलाय. मी बाकावर बसून हे लिहितोय. दार उघडं आहे, ऊन निम्म्या शेडपर्यंत आलंय. रबर आता येत नाही. मेळाव्यापासून आलं नाही. त्याची गरज उरली नसावी.

मघाशी दहा पावलं टाकून होडीत बघून आलो. खळगे आहेत. पण मधोमध नाहीत. फूटपट्टी लावून बघितलं. दोन्ही उजवीकडं सरकलेत, पार कडेला, खेटून. चाकाच्या बाजूला.

डावीकडं, मुठीपाशी, एका माणसापुरती जागा केलीय.

आणि मी बाकावर येऊन बसतोय न बसतोय तोच कर्र झालं. टक् अजून झालेलं नाही.